पाहुण्याचें नांव

आपल्या समाजांत नवीन मनुष्य भेटला म्हणजे आपण त्यास सर्वांत आधीं काय विचारतों? तो काय जाणतो, काय करूं शकतो, कोणत्या कामीं उपयोगी पडेल, हें नव्हे, तर "आपलें आडनांव काय?" हें. आडनांव कळलें कीं गांव कळतें, गांव कळलें कीं इतर पुष्कळ गोष्टी कळल्या असें आपण धरून चालतों, आणि त्या बिचाऱ्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्यास माजघरांत न्यावयाचें कीं ओटीवरच थांबवावयाचें ह्याचा निकाल मनांत होऊन जातो. हा रोग मनुष्यापुरताच असता तर आम्हीं त्यावर पुन्हां लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. सुधारकांनीं त्याविषयीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु हा रोग यंत्रांसही जडतो, त्यांच्यांत तो अधिक वेगानें फैलावतो, आणि त्याचे परिणाम अगदीं हिशेबांत मांडून दाखवितां येतात. म्हणून आज आम्ही वाचकांचें लक्ष त्यांच्या नित्य परिचयाच्या एका वस्तूकडे वेधूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे ब्राउझर.

वर्तमानपत्र वाचणें, विजेचें बिल भरणें, मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहणें, आगगाडीचें तिकीट काढणें हीं कामें आज ज्या खिडकींतून होतात ती ही खिडकी. कोणीं तिला 'न्याहाळक' असा मराठी प्रतिशब्द योजिला आहे. शब्द गोड आहे, पण अजून घरोघरीं रुळलेला नाहीं, म्हणून आम्ही रूढ शब्दच वापरतों. ह्या ब्राउझरची 'नवी आवृत्ति' निघाल्याचें वरचेवर कानीं येतें, आणि आमच्यासारख्या ग्रंथोपजीवी मनुष्यास 'आवृत्ति' म्हटलें कीं पुस्तकच आठवतें. परंतु दोहोंत मोठाच फरक आहे. पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली म्हणून आपल्या फडताळांतील जुनी प्रत कांहीं बदलत नाहीं. ब्राउझरचें उलट आहे. येथें पुस्तक होतें तेंच राहतें आणि वाचणाराचा चष्मा बदलतो; एकट्यादुकट्याचा नव्हे, तर थोड्याच दिवसांत कोट्यवधि वाचकांचा, आणि तोही बहुधा त्यांच्या नकळत. गूगलचा क्रोम २०१० सालीं दर सहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति काढूं लागला, आणि २०२१ सालीं हें अंतर चार आठवड्यांवर आलें. फायरफॉक्सनेंही २०११ सालीं सहा आठवड्यांचा व २०२० सालीं चार आठवड्यांचा क्रम धरिला. म्हणजे जो कारागीर वेबवरील पानें रचून पोट भरतो, ज्यास वेब डेव्हलपर म्हणतात, त्याचें एकदां लिहिलेलें पान महिन्यामहिन्यास नव्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्यानें एक अक्षरही बदललेलें नसतां एखाद्या सकाळीं पानावरचें बटण दाबलें जात नाहीं, किंवा दोन रकाने एकमेकांच्या अंगावर चढून बसतात, आणि मालकाचा फोन खणखणूं लागतो.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास हाच धंदा करितो. आमच्या वर्गांत तो शेलीच्या कवितेपेक्षां शेजारच्या खिडकीकडेच अधिक लक्ष देई. पुढें त्यानें खिडक्यांचाच व्यवसाय पत्करिला हें एका परीनें योग्यच झालें. २०२२ सालच्या आरंभीं तो आमच्याकडे आला तेव्हां अंमळ चिंतेंत दिसला. कारण विचारतां म्हणाला, "सर, आतां शंभर भरायचे आहेत." शंभर भरले म्हटल्यावर आम्हांस शिशुपाल आठवला. परंतु येथें अपराध एकही न करतां शंभर भरत होते. क्रोम व फायरफॉक्स ह्या दोघांचीही शंभरावी आवृत्ति त्या वसंतांत निघावयाची होती, आणि केवळ त्या अंकामुळें कित्येक पानें बंद पडतील अशी धास्ती जगभरच्या कारागिरांस लागून राहिली होती.

ह्या धास्तीचें मूळ समजून घेण्यासारखें आहे. ब्राउझर एखादें पान मागावयास गेला म्हणजे दारांतच आपली ओळख सांगतो. आपण कोण, कितवी आवृत्ति, कोणत्या जातीच्या संगणकावरून आलों, असें सर्व एका ओळींत. ह्या ओळीस 'युजर एजंट' म्हणतात. पुष्कळ संकेतस्थळांच्या दाराशीं कारागिरानें एक पहारेकरी बसविलेला असतो. तो ही ओळ वाचतो, आणि अंक लहान दिसला तर "आपला ब्राउझर फार जुना आहे, नवा घेऊन या" असें म्हणून दार लावून घेतो. आतां हे पहारेकरी ज्या काळीं नेमले गेले त्या काळीं आवृत्तीचे अंक दोनच आंकडी होते. त्यामुळें त्यांतील कित्येकांस दोनच आंकडे वाचण्याची शिकवण मिळालेली होती. असा पहारेकरी १०० हा अंक १० असा वाचणार! क्रोमची दहावी आवृत्ति २०११ सालची. म्हणजे जो सर्वांत नवा पाहुणा, तोच अकरा वर्षांचा जुनापुराणा म्हणून दारांतून परत जाणार.

असला प्रसंग पूर्वीं आला नव्हता असें नाहीं. सन २००० उजाडतांना वर्षाचे दोनच आंकडे लिहिण्याच्या काटकसरीनें जगाची केवढी तारांबळ उडविली होती हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. ब्राउझरांच्या दुनियेंत तोच प्रकार नॉर्वेंतील ऑपेराच्या वांट्यास आला. २००९ सालीं त्याची दहावी आवृत्ति निघाली, आणि चांचणीच्या वेळींच असें दिसून आलें कीं कित्येक पहारेकरी पहिला एकच आंकडा वाचतात व दहास एक समजतात. अखेर ऑपेरानें एक युक्ति काढली. दारांत तो आपली आवृत्ति ९.८० अशी सांगूं लागला, आणि खरा अंक ओळीच्या अगदीं शेवटीं हळूच पुटपुटूं लागला. खरें बोलल्यास दार बंद होतें म्हणून एका सालस पाहुण्यास जन्मभर वय चोरावें लागलें!

परंतु वय चोरणें हा किरकोळ अपराध म्हणावा लागेल. ह्या घराण्यांत नांव चोरण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत मोझॅइक हा ब्राउझर तयार झाला. पुढच्याच वर्षीं नेटस्केप त्याच्याशीं स्पर्धा करावयास आला, आणि मोझॅइकच्या नांवाशीं खेळ करून त्यानें दारांत सांगावयाचें आपलें नांव 'मोझिला' असें ठेविलें. एका पानाचे चौकटींनीं विभाग पाडण्याची कला प्रथम त्यास साधली, तेव्हां संकेतस्थळांचे पहारेकरी "मोझिला असशील तरच चांगलें पान मिळेल" असें म्हणूं लागले. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर रिंगणांत उतरला. त्यासही चांगलें पान हवें होतें. म्हणून त्यानेंही आपलें नांव मोझिला सांगण्यास आरंभ केला, आणि खरें नांव कंसांत घातलें. पुढें २००३ सालीं ॲपलचा सफारी आला, तो म्हणाला, "मी मोझिला, आणि शिवाय गेकोसारखा." २००८ सालीं क्रोम आला, त्यानें ह्या सर्वांवर ताण केली, तो मोझिलाही झाला, गेकोसारखाही झाला, सफारीही झाला, आणि ह्या गर्दींत एका कोपऱ्यांत क्रोमही राहिला. गंमत अशी कीं २०१३ सालीं इंटरनेट एक्सप्लोररची अकरावी आवृत्ति निघाली तेव्हां त्यानें आपलें जुनें, जगप्रसिद्ध नांव ओळखींतून काढूनच टाकिलें, आणि तोही "गेकोसारखा" म्हणून सांगूं लागला. कारण त्या नांवानें आतां दारें उघडत नव्हतीं, बंद होत होतीं. जेथें नांवावर प्रवेश मिळतो तेथें सर्वच एक नांव घेतात, आणि अखेर त्या नांवास कांहींच अर्थ उरत नाहीं.

येथें कारागिरांस दोष देऊन मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं नांव विचारलें तें हौसेनें नव्हे. ब्राउझरांचे गुणधर्म खरोखरच निरनिराळे होते. एकच मजकूर एका ब्राउझरमध्यें नीट दिसे व दुसऱ्यांत कोलमडे. त्यांत इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि सातवी निघण्यास २००६ साल उजाडलें. ह्या पांच वर्षांत सहाव्या आवृत्तीच्या खोडी म्हणजेच शास्त्र अशी हजारों कचेऱ्यांची समजूत होऊन बसली, आणि त्या खोडींस धरून असंख्य पानें रचलीं गेलीं. आठवी आवृत्ति काढतांना मायक्रोसॉफ्टसमोर मोठेंच धर्मसंकट उभें राहिलें. शास्त्राप्रमाणें वागावें तर जुनीं पानें मोडतात, आणि जुनीं पानें सांभाळावीं तर शास्त्र बुडतें. २००८ सालच्या जानेवारींत असें ठरलें कीं ज्या पानावर तशी खूण असेल तेंच नव्या रीतीनें वाचावें, बाकी सर्व जुन्या रीतीनें. त्यावर कारागिरांत मोठाच वाद माजला, आणि मार्चमध्यें निर्णय फिरला: शास्त्र हाच नियम, जुनी रीत हा अपवाद. २००९ सालीं ती आवृत्ति बाहेर पडली तेव्हां पत्त्याच्या रकान्याजवळ फाटक्या पानाचें चित्र असलेलें एक लहानसें बटण होतें. पान मोडकें दिसल्यास तें दाबावयाचें, म्हणजे ब्राउझर जुन्या डोळ्यांनीं पाहूं लागे.

हा प्रश्न केवळ परदेशच्या कारखान्यांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. आपल्या मराठीस त्याची झळ चांगलीच लागली आहे. २००२ सालच्या सुमारास आमचे तीन लेख एका मराठी संकेतस्थळानें प्रसिद्ध केले होते. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालेलें होतें. परंतु घरोघरचे संगणक त्यास सरावले नव्हते. म्हणून त्या काळीं पुष्कळ मराठी स्थळें एक तोड काढीत. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचीं चित्रें बसविलेला फाँट ते पानासोबतच पाठवीत, आणि तो फाँट उतरवून घेण्याची करामत एका इंटरनेट एक्सप्लोररसच ठाऊक होती. पानाच्या तळाशीं तशी सूचनाही असे. आमचे लेख त्यांत सुरेख दिसत. पुढें २००४ सालीं फायरफॉक्सची पहिली आवृत्ति निघाली, घरच्या मुलांनीं ती आणली, आणि आम्ही आपले लेख उघडून पाहतों तों पडद्यावर रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची नुसती खिचडी! शब्द सर्व जागच्या जागीं होते, पण ज्या एका पाहुण्यास ते वाचतां येत त्याच्यावांचून इतरांस ते मुके झाले होते. अशा रीतीनें त्या दहा वर्षांतील केवढेंतरी मराठी लेखन आंधळें झालें. आमचे लेख वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यानेंच सोडवून आणले. कोणत्या रोमन चिन्हाच्या जागीं कोणतें देवनागरी अक्षर, ह्याचें कोष्टक त्यानें केलें. त्यांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकलेली, ती उचलून मागें न्यावयाची. रफार अक्षरानंतर टंकलेला, तो उचलून पुढें आणावयाचा. अशी कलाकुसर त्यास आठ रात्रीं पुरली. त्या कोष्टकाचा कागद आम्हीं जपून ठेविला आहे.

मग नांव विचारूं नये तर काय विचारावें? ह्याचें उत्तर कारागिरांनींच हळूहळू शोधून काढिलें, आणि तें फार साधें आहे. पाहुण्यास "तूं कोण?" असें न विचारतां "तुला अमुक काम येतें काय?" असें विचारावें. चौकटी आंखतां येतात काय? येत असल्यास चौकटीचें पान घे. नसल्यास हें साधें पान आहे, तें वाच, पण उपाशी जाऊं नकोस. ह्या रीतीनें लिहिलेल्या पानास नव्या आवृत्तीची भीति वाटत नाहीं, कारण उद्यां जन्मणाऱ्या, आज नांवही नसलेल्या ब्राउझरचें स्वागत करण्याची सोय तें आजच करून ठेवितें. जेक्वेरी ह्या कारागिरांच्या अत्यंत प्रिय हत्यारपेटींत पूर्वीं ब्राउझरचें नांव ओळखण्याचें एक साधन असे; २०१३ सालीं निघालेल्या १.९ ह्या आवृत्तींतून तें काढून टाकण्यांत आलें. तेव्हां अनेकांनीं कुरकुर केली, परंतु कित्येकांस त्यामुळेंच चांगली संवय लागली.

ही शिकवण अजून सर्वत्र पोंचलेली मात्र नाहीं. आमचे एक सेवानिवृत्त सहकारी गेल्या वर्षीं एका कचेरीचा अर्ज भरूं पाहत होते. त्यांच्याजवळ फायरफॉक्स होता, आणि तोही अगदीं ताजा. परंतु अर्जाच्या दाराशींच पाटी: "आपला ब्राउझर चालणार नाहीं." दोन दिवस ते हिंडले, आपलेंच कांहीं चुकतें आहे असें समजून संकोचले, आणि अखेर नातवाच्या वयाच्या एका मुलाकडून रांगेंत बसून अर्ज भरून घेण्याच्या बेतास आले. आमच्या विद्यार्थ्यानें त्यांच्या ब्राउझरमध्यें फक्त एक गोष्ट बदलली; दारांत सांगावयाच्या ओळींतील नांव. ब्राउझर तोच, संगणक तोच, अर्ज तोच. नांव बदलतांच दार उघडलें, आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत अर्ज कोठेंही न अडखळतां पार पडला. म्हणजे तें काम त्या ब्राउझरला पहिल्यापासून येत होतें. तें त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें. आमचे सहकारी पावती हातांत घेऊन इतकेंच म्हणाले, "ह्यासाठीं खोटें नांव सांगावें लागलें म्हणायचें." त्यांच्या आवाजांतील खिन्नता ब्राउझरपुरती नव्हती, हें त्यांचें आयुष्य जाणणाऱ्या आम्हांस सांगावें लागलें नाहीं.

नव्या पाहुण्याकडेही कांहीं कर्तव्य येतेंच. जुन्या घरांत पाऊल टाकतांना तेथील माणसांचा मान त्यानें राखला पाहिजे. २००० सालीं मॅकसाठीं निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीनें पानाच्या पहिल्या ओळीवरून तें नव्या शास्त्राचें कीं जुन्या वळणाचें हें ओळखण्याची रीत पाडली, आणि जुन्या वळणाच्या पानास त्याच्या चुकांसकट सांभाळून घेतलें. ती रीत पुढें इतरांनींही उचलली. २०१८ सालचें उदाहरण तर आम्हांस फारच आवडतें. वेबवरील पानांस चैतन्य देणारी जी जावास्क्रिप्ट भाषा, तींत 'फ्लॅटन' हा नवा शब्द घालण्याचें घाटत होतें. फायरफॉक्सच्या एका चांचणीच्या आवृत्तींत तो घातला मात्र, आणि एक चालतें संकेतस्थळ मोडलें. मूटूल्स नांवाचा एक जुना कोडसंग्रह तोच शब्द आपल्या कामासाठीं आधींपासून वापरीत होता, आणि त्यावर रचलेलीं पानें अजून नांदत होतीं. तेव्हां पंडितांनीं नव्या शब्दाचें नांव बदलून 'फ्लॅट' केलें. आपल्याकडे सासरीं त्याच नांवाची जाऊ किंवा नणंद असली म्हणजे नव्या सुनेचें नांव बदलीत. ती चाल सुनेवर अन्याय करणारी होती व ती मोडत चालली हें चांगलेंच झालें. परंतु शब्दांस मन नसतें, आणि शब्दानें थोडें वांकून माणसांचीं जुनीं पानें वाचविलीं ह्यांत आम्हांस मोठें सौजन्य दिसतें.

शंभराव्या आवृत्तीचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. क्रोमची ती आवृत्ति २९ मार्च २०२२ रोजीं व फायरफॉक्सची ३ मे २०२२ रोजीं निघाली. दोघांनींही कित्येक महिने आधींपासून, शंभर हा अंक मुद्दाम सांगून आपापलीं पानें तपासून पाहण्याची सोय कारागिरांस करून दिली होती. प्रसंग पडल्यास ९९ वरच अंक गोठवून खरा अंक मागें लपविण्याची, म्हणजे ऑपेराचीच, युक्ति क्रोमनें हाताशीं ठेविली होती. तिची गरज पडली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास आपल्या जुन्या कामांत दोन पहारेकरी सांपडले. एकास त्यानें तीन आंकडे वाचावयास शिकविलें, आणि दुसऱ्यास कामावरूनच काढून टाकिलें, कारण तो कशासाठीं बसविला होता हें कोणासच आठवेना.

तथापि आमची काळजी पूर्ण मिटलेली नाहीं. ऑपेरानें २०१३ सालीं आपलें स्वतःचें यंत्र टाकून क्रोमच्या पायावर उभारलेलें यंत्र घेतलें, आणि २०२० सालीं मायक्रोसॉफ्टच्या एजनेंही तेंच केलें. फायरफॉक्स व सफारी हे निराळे राहिले आहेत; परंतु पुष्कळ कारागीर आतां क्रोममध्यें पान नीट दिसलें कीं काम संपलें असें मानूं लागले आहेत. सहाव्या आवृत्तीच्या काळींही नेमकें असेंच वाटत होतें. आमच्या विद्यार्थ्यास हें आम्हीं बोलून दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, मालक चार ब्राउझर तपासायचे पैसे देत नाहीं." हें उत्तर आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं. परंतु मागील वर्षींच्या त्या अर्जाची पावती मात्र आम्हीं त्याच्यापुढें ठेविली, आणि तो थोडा वेळ गप्प बसला.

चार आठवड्यांस एक हाच हिशेब धरून चाललें तर शंभरापासून हजाराव्या आवृत्तीपर्यंत पोंचण्यास ६९ वर्षें लागतील. म्हणजे २०९१ साल उजाडेल. तेव्हां चौथा आंकडा पाहून कोणता पहारेकरी बुचकळ्यांत पडेल तें पाहण्यास आम्ही असणार नाहीं, आणि आमचा विद्यार्थीही बहुधा नसेल. परंतु त्यानें आज लिहिलेलीं पानें कदाचित् असतील. त्यांच्या दारीं येणाऱ्या पाहुण्याचें नांव आज कोणासच ठाऊक नाहीं, आणि त्यास आंत घेण्यासाठीं तें ठाऊक असण्याची गरजही पडूं नये.